हॉट टबचा फिल्टर रोज किती तास चालू ठेवावा?

‘मुलाच्या घरी मागच्या डेकवर हॉट टब आहे. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना रोज संध्याकाळी त्यात बसवायचं ठरवलंय. विजेचं बिल फार येतं म्हणून फिल्टर दिवसातून दोनच तास लावलाय. चालेल का?’ आई-वडील सहा महिन्यांसाठी अमेरिकेला किंवा कॅनडाला मुलांकडे जातात, त्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. अलीकडे लोणावळा, अलिबाग आणि गोव्याच्या भाड्याच्या बंगल्यांमध्येही ‘जकुझी’ असते, त्यामुळे तो इथूनही येऊ लागला आहे.

थोडक्यात उत्तर असं. घरगुती हॉट टबचा फिल्टर साधारणपणे दिवसाला ४ ते ८ तास चालावा, आणि तोही एका दमात नव्हे, तर सकाळ-संध्याकाळ अशा किमान दोन हप्त्यांत. ज्या दिवशी तीन-चार माणसं टबात बसली, त्या दिवशी जास्त. काही टबांत कमी विजेवर चालणारा छोटा पंप असतो आणि तो चोवीस तास चालू राहण्यासाठीच बनवलेला असतो. तो बंद करू नये. तुमच्या टबाच्या पुस्तिकेत यापेक्षा वेगळे तास दिले असतील, तर ते पाळा.

पण तासांचं गणित जमलं म्हणजे पाणी सुरक्षित झालं, असं नाही. बाबांना मधुमेह असेल, दमा असेल किंवा ते वर्षानुवर्षं सिगारेट ओढत असतील, तर पुढचं जरूर वाचा.

फिल्टर काय करतो आणि काय करत नाही

टबातला फिल्टर म्हणजे घड्या घातलेल्या कापडाची गाळणी. पंप पाणी ओढतो, ते या गाळणीतून जातं आणि गरम होऊन परत टबात येतं. केस, त्वचेचा कोंडा, तेल-लोशनचा चिकटा, झाडाची पानं, धूळ हे सगळं गाळणीत अडकतं. या गाळण्या साधारण १० ते २० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण पकडतात. हॉट टबात ज्यांची भीती असते ते जंतू जेमतेम दोन-तीन मायक्रॉन लांबीचे असतात. चहाच्या गाळणीतून साखरेचं पाणी जावं तसे ते पार होतात.

म्हणजे फिल्टर जंतू मारत नाही, अडवतही नाही. जंतू मारतं ते पाण्यातलं क्लोरीन किंवा ब्रोमीन. मग फिल्टर इतके तास चालवायचा कशाला? कारण क्लोरीनला काम करता यावं, ही सोय तोच करतो. घाम आणि लोशन पाण्यात तसंच राहिलं तर क्लोरीन त्याच्याशीच झुंजत संपून जातं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. शिवाय पाणी फिरलं तरच क्लोरीन टबाखालच्या नळ्यांपर्यंत पोहोचतं. तुम्हाला दिसतो तो फक्त टब. त्याच्या पोटात अनेक मीटर वळणावळणाच्या नळ्या असतात, आणि पंप बंद असताना त्यांतलं पाणी जागच्या जागी उभं असतं. जंतूंचा बुळबुळीत थर तिथेच धरतो. हा थर एकदा जमला की क्लोरीन त्याच्या आतवर नीट शिरत नाही.

ओझोन किंवा अतिनील किरणांचा दिवा असलेल्या टबांबद्दल एक गैरसमज आहे, की त्यांना क्लोरीन लागत नाही. ही दोन्ही यंत्रं फक्त पंप चालू असतानाच आणि त्यांच्याजवळून जाणाऱ्या पाण्यावरच काम करतात. टबात बसलेल्या माणसाच्या अंगावरून पाण्यात उतरलेला जंतू मारायला पाण्यातच काहीतरी असावं लागतं.

चार तास कुठून आले?

समजा टबात १५०० लिटर पाणी आहे आणि पंप मिनिटाला ५० लिटर पाणी फिरवतो. अर्ध्या तासात १५०० लिटर पाणी फिल्टरमधून गेलं. पण त्याचा अर्थ टबातला प्रत्येक थेंब गाळला गेला असा होत नाही, कारण गाळलेलं पाणी परत न गाळलेल्यातच मिसळतं. हिशेब केला तर एका फेरीत साधारण ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६ टक्के, तीन फेऱ्यांत ९५ टक्के आणि चार फेऱ्यांत ९८ टक्के पाणी निदान एकदा तरी गाळलं जातं. आपल्या उदाहरणात चार फेऱ्यांना दोन तास लागले.

मग दोन तास पुरे का नाहीत? एक तर पंपावर लिहिलेला वेग कोऱ्या फिल्टरचा असतो. फिल्टर मळला की तो खाली येतो. दुसरं म्हणजे सकाळी दोन तास फिल्टर चालवून बंद केला, तर पुढचे बावीस तास नळ्यांतलं पाणी उभं राहतं, आणि गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडून जातं. त्यामुळे किती तास यापेक्षाही ते दिवसभरात कसे विभागले आहेत, याला मी जास्त महत्त्व देईन. दोनदा तीन-तीन तास हे एकदा सहा तासांपेक्षा बरं.

सार्वजनिक ठिकाणची अपेक्षा याहून बरीच कडक आहे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या आदर्श नियमावलीत स्पामधलं सगळं पाणी अर्ध्या तासात किंवा त्याआधीच एकदा फिरलं पाहिजे आणि हे फिरणं दिवसरात्र चालू राहिलं पाहिजे, असं धरलं आहे. हॉटेलातला टब रात्री बंद करून ठेवतात असं कळलं, तर तिथे सावध राहा.

वीज वाचवायचीच असेल तर टबावरचं झाकण घट्ट बसतं का ते पाहा. बिलातला मोठा वाटा सहसा पाणी गरम ठेवण्याचा असतो; कमी वेगावर फिल्टर चालवायला त्या मानाने थोडी वीज लागते.

पाणी उभं राहिलं तर होतं काय?

लिजिओनेला नावाचा जंतू नद्या-तळ्यांत थोड्या प्रमाणात असतोच. तिथे तो सहसा कुणाचं काही बिघडवत नाही. पण साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या उभ्या पाण्यात तो जोरात वाढतो, आणि हॉट टब असतो ३७ ते ४० अंशांवर. ‘पाणी गरम आहे म्हणजे जंतू मेले असतील’ हा समज इथे अगदी उलटा पडतो. त्याला मारण्याइतकं गरम पाणी, म्हणजे साठ अंशांच्या पुढचं, माणसाला सहनच होणार नाही.

हा जंतू पिण्याच्या पाण्यातून पोटात जाऊन सहसा त्रास देत नाही. तो श्वासातून जातो. टबातले बुडबुडे आणि जोराच्या धारा पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवतात; ते फुप्फुसात खोलवर गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला लिजनेअर आजार म्हणतात. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर लोक आजारी पडले, तेव्हा तो प्रथम ओळखला गेला.

त्यासाठी टबात उतरावंच लागतं असंही नाही. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेला एक टब चालू ठेवला होता. त्यात कुणी आंघोळ करत नव्हतं, लोक फक्त शेजारून जात होते. सुमारे दोनशे जण आजारी पडले आणि वीसहून जास्त दगावले. २०१९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या एका जत्रेतही असंच घडलं. तिथेही तपासात प्रदर्शनातल्या हॉट टबांकडे बोट गेलं. सव्वाशेहून जास्त रुग्ण आणि चार मृत्यू. तेव्हा ‘बाबा आत बसत नाहीत, बाजूला खुर्ची टाकून नातवंडांकडे बघत असतात’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

निरोगी तरुण माणसाला या जंतूमुळे बहुधा काही होत नाही, किंवा दोन-तीन दिवस ताप येऊन जातो. धोका आहे तो पन्नाशीपुढच्यांना, आज किंवा पूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांना, फुप्फुसाचा जुना आजार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, आणि स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असलेल्यांना. हा न्यूमोनिया झालेल्या दर दहांपैकी सुमारे एक जण दगावतो.

त्या मानाने त्वचेचा त्रास किरकोळ, पण बराच जास्त आढळणारा. स्यूडोमोनास नावाचा जंतू केसांच्या मुळांशी शिरतो आणि टबात बसल्यानंतर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही लाल, खाजरे, कधी पू धरलेले पुरळ उठतात. पोहण्याचा पोशाख जिथे अंगाला चिकटून असतो तिथे ते जास्त दिसतात. घरात टबात बसलेल्या सगळ्यांनाच एकदम पुरळ आले तर खाण्यातली ॲलर्जी शोधत बसण्याआधी टबाचं पाणी तपासा. बहुतेकांचे पुरळ आठ-दहा दिवसांत आपोआप जातात. ताप आला, पुरळ पसरत गेले किंवा मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

शनिवार-रविवारचा बंगला

परदेशातल्या घरी टब निदान रोज चालू तरी असतो. आपल्याकडच्या भाड्याच्या बंगल्यांची गोष्ट वेगळी आहे. रविवारी दुपारी पाहुणे गेले की वीज वाचवायला मेन स्विच बंद होतो. शुक्रवारी पुढचे पाहुणे यायच्या आधी पुन्हा चालू होतो. मधले चार-पाच दिवस पाणी हळूहळू निवत त्याच २० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात पडून असतं, क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं, फिल्टर बंद. शुक्रवारी संध्याकाळी पाणी पुन्हा गरम केलं आणि स्वच्छ दिसलं, तरी ते सुरक्षित असेलच असं नाही.

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: फिल्टर आठवडाभर चालू असतो का, पाणी शेवटचं कधी बदललं, आणि क्लोरीन कोण आणि किती वेळा तपासतं. ‘आम्ही रोज पावडर टाकतो’ हे उत्तर पुरेसं नाही. किती टाकली यापेक्षा पाण्यात किती उरली, हे महत्त्वाचं. काठावर हात फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर उतरू नका. क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर लोकांना वाटतं की भरपूर औषध टाकलंय. खरं तर तो वास घाम आणि लघवीशी संयोग होऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो.

बाथरूममधला धारा सोडणारा बाथटब ही आणखी वेगळी वस्तू आहे. तो दर वेळी भरतात आणि रिकामा करतात, म्हणून त्यात बहुधा फिल्टर नसतो आणि तासांचा प्रश्नही येत नाही. पण धारांच्या नळ्यांत थोडं पाणी उरतंच. तो बरेच दिवस बंद असेल, तर कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने नळ्या धुऊन घ्या आणि ते करताना बाथरूमची खिडकी उघडी ठेवा.

पट्टी बुडवा, मग पाय

टेस्ट स्ट्रिप म्हणजे रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. घरच्या टबातही प्रत्येक वेळी उतरण्याआधी एक बुडवून पाहा. मोकळं क्लोरीन किमान ३ पीपीएम हवं, म्हणजे एका लिटरमागे ३ मिलिग्रॅम. ब्रोमीन वापरत असाल तर ४ ते ८ पीपीएम. पीएच ७.० ते ७.८. पीएच चढला तर पट्टीवर क्लोरीन पुरेसं दिसूनही ते सुस्त पडतं. पाण्याचं तापमान ४० अंशांच्या वर नको.

कमी निघालं तर औषध टाका, फिल्टर चालू करा, पाणी फिरू द्या आणि पुन्हा पट्टी बुडवा. आकडा येईपर्यंत कुणी उतरायचं नाही, नातवंडांनी कितीही घाई केली तरी. उतरण्याआधी साबणाने आंघोळ केली तर क्लोरीन बरंच टिकतं. तेल लावून टबात बसणं मात्र नको.

फिल्टर महिनोन्‌महिने न धुता चोवीस तास चालवला तरी उपयोग नाही. तो स्वतःच जंतूंचं घर होतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाण्याच्या धारेखाली धुवा, महिन्यातून एकदा फिल्टरच्या खास द्रावणात भिजवा, आणि साधारण वर्षाने किंवा कापड झिजलं की नवा घाला. धुताना तुषार उडतात, म्हणून हे काम मोकळ्यावर, एन-९५ मास्क लावून आणि घरातल्या धडधाकट माणसाने करावं. दमा असलेल्या आजोबांना ‘बसल्या बसल्या एवढं करा’ असं सांगू नका.

टबाचं सगळं पाणी कधी बदलायचं याचा एक ठोकताळा आहे: पाण्याच्या लिटरना ११ ने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. १५०० लिटर आणि रोज दोघं, तर सुमारे ६८ दिवस. काही क्लोरीन पावडरींमधून सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जातं आणि क्लोरीनचं काम मंद करतं. त्यावर पाणी बदलण्याशिवाय व्यवहारात दुसरा उपाय नाही. पाणी काढलंच आहे तर नळ्या साफ करणारं द्रावण घालून त्याही धुऊन घ्या.

पाणी चांगलं असलं तरी कुणी थांबावं

पाच वर्षांखालच्या मुलांना हॉट टबात घेऊ नका. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शरीराचं तापमान वाढणं बाळाला घातक ठरू शकतं. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. हृदयविकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर गरम पाण्यात रक्तदाब आणखी उतरतो आणि बाहेर पडताना चक्कर येते. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी दहा-पंधरा मिनिटं पुरे, आणि उठताना कुणीतरी हात द्यायला असावं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल किंवा पायावर जखम असेल, तर टब नकोच. गुडघ्यांना शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवीही चालते, तीही कापडात गुंडाळून आणि दुसऱ्याने हात लावून पाहिल्यावर.

ताप आला तर डॉक्टरांना काय सांगाल?

लिजनेअर आजार पाणी श्वासातून गेल्यानंतर सहसा २ ते १४ दिवसांनी डोकं वर काढतो. तेवढ्यात आई-बाबा विमानाने पुण्याला परत आलेले असतात, किंवा लोणावळ्याची सहल विसरूनही गेलेली असते. जोराचा ताप, खोकला, धाप, अंगदुखी, डोकेदुखी. कुणाला जुलाब होतात, कुणी असंबद्ध बोलू लागतं. डॉक्टर डेंग्यू, मलेरिया, साधा न्यूमोनिया असा विचार करतात, आणि हॉट टबाचा विषय निघतच नाही, कारण तो कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

म्हणून तुम्ही होऊन सांगा: ‘गेल्या दोन आठवड्यांत आम्ही हॉट टबात बसलो होतो’, किंवा ‘त्याच्या जवळ होतो’. या एका वाक्याने उपचार बदलू शकतात. न्यूमोनियासाठी नेहमी दिली जाणारी अमॉक्सिसिलिनच्या जातीची औषधं या जंतूवर चालत नाहीत, कारण तो आपल्याच पेशींच्या आत राहून वाढतो. अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधं चालतात, आणि ती लवकर सुरू झाली तर फरक पडतो. अर्थात ही औषधं घरी ठेवलेल्या पाकिटातून स्वतःहून घ्यायची नाहीत. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर थेट रुग्णालयात न्या.

निदानासाठी लघवीची एक झटपट तपासणी आहे. पण ती या जंतूचा एकच प्रमुख प्रकार पकडते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी संशय असल्यास डॉक्टर थुंकीची पीसीआर किंवा कल्चर तपासणी करायला सांगतात. हा आजार सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पण त्याच टबात बसलेल्या बाकीच्यांना ताप किंवा खोकला असेल, तर त्यांनाही दाखवून घ्या आणि टब बंद ठेवा.

तापाशिवाय किंवा किरकोळ तापासह खोकला आणि धाप आठवडेच्या आठवडे चालू असेल, आणि टब घराच्या आत बंद खोलीत असेल, तर आणखी एक शक्यता असते. क्षयाच्या जंतूचा एक दूरचा भाऊबंद टबात वाढतो आणि त्याच्या तुषारांमुळे फुप्फुसाला सूज येते. त्याला ‘हॉट टब लंग’ असंच नाव आहे. या रुग्णाच्या थुंकीत क्षयाच्या जंतूसारखेच दिसणारे जंतू सापडू शकतात आणि आपल्याकडे क्षयाची औषधं सुरू होण्याची शक्यता असते. सीबीनॅट तपासणीत क्षय निघाला नाही आणि घरी किंवा परदेशात मुलाकडे हॉट टब आहे, हे दोन्ही फुप्फुसतज्ज्ञांच्या कानावर घाला. या आजारात पहिला उपचार म्हणजे त्या टबापासून दूर राहणं. काहींना थोडे दिवस स्टेरॉइड द्यावं लागतं. फिल्टरचे तास वाढवून पुन्हा त्याच टबात बसायला सुरुवात करायची नाही.